नाकतोडा नाही हो तो! प्रार्थनाकीटकांबद्दल तुमचे प्रश्न

गणपती ते दिवाळी हा यांचा सीझन. पावसात जन्मलेली पिल्लं तोवर मोठी होतात, पंख फुटतात, खिडकीवर येऊन बसतात आणि मग माझ्या इनबॉक्समध्ये हिरव्या किड्यांच्या फोटोंचा पाऊस पडतो. यंदा बरेच साठलेत, त्यातले नऊ घेतले. बाकीच्यांनी रागावू नका, निम्म्या फोटोंमध्ये किड्यापेक्षा तुमचा अंगठाच जास्त दिसत होता.

प्रश्न (चिपळूण): आमच्याकडे सगळे याला नाकतोडाच म्हणतात. मुलाच्या पुस्तकात मात्र प्रार्थनाकीटक असं वेगळं दिलंय. दोन्ही एकच ना?

नाही हो, पण वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याआधी खुद्द लिनियस, प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणारा स्वीडिश शास्त्रज्ञ, हेच करून बसलाय. १७५८ साली त्याने प्राण्यांना नावं दिली तेव्हा टोळ, रातकिडे, नाकतोडे आणि हे आपले हात जोडलेले महाराज, सगळ्यांना ग्रिलस नावाच्या एकाच खोक्यात कोंबलं होतं. त्या खोक्यातल्या एका कप्प्याचं नाव मँटिस, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ भविष्य सांगणारा, आणि तेच नाव पुढे टिकलं.

ओळखायचं सोपं आहे. नाकतोड्याची ताकद मागच्या पायात, जाड मांड्या, उडी मारायला. याची ताकद पुढच्या पायात, आतून करवतीसारखे काटे, झडप घालून धरायला. नाकतोडा पानं खातो, हा नाकतोड्याला खातो. आणि हा मान वळवून तुमच्याकडे बघतो, डोळ्यातला काळा ठिपका पण तुमच्या मागेमागे फिरतो. तो ठिपका म्हणजे बुबुळ नाही बरं का. असंख्य छोट्या नळ्यांचा डोळा, त्यातल्या ज्या नळ्या नेमक्या तुमच्या दिशेने असतात त्या प्रकाश आत शोषून घेतात म्हणून तेवढाच भाग काळा दिसतो. तुम्ही हललात की नळ्या बदलतात. बस.

प्रश्न (डोंबिवली): मिस्टर म्हणतात हा झुरळाचा भाऊ आहे. मला ते ऐकूनच कसंतरी होतं. खोटं आहे असं सांगा प्लीज.

सॉरी ताई, मिस्टर बरोबर आहेत. सख्खा नाही पण चुलतभाऊ नक्की.

हे नुसतं दिसण्यावरून कळणार नाही, कारण दिसायला कुठे झुरळ कुठे हा. पण दोघांची मादी अंडी सुटी घालत नाही, पेटीत भरून घालते (झुरळाची ती चॉकलेटी डबी कपाटात बघितली असेलच). नरांचे जननअवयव दोघांचेही वाकडेतिकडे, डावी बाजू उजवीसारखी नाही. मग डीएनए आला आणि विषयच संपला. त्याच भानगडीत आणखी एक गंमत उघड झाली, ती म्हणजे वाळवी. वाळवीचा इतके दिवस वेगळा गण (म्हणजे किड्यांचा मोठा गट) मानत होते, २००७ मध्ये डीएनएवरून दाखवलं गेलं की ती झुरळांच्या घराण्याच्या आतच बसते, म्हणजे समाज करून राहणारं झुरळच. तर झुरळ, वाळवी आणि प्रार्थनाकीटक असं हे एकत्र कुटुंब.

एक गोष्ट मात्र या घराण्यात फक्त याच्याकडे आहे, एकच कान. चेहऱ्यावर नाही, छातीखाली मधोमध, मागच्या पायांच्या बेचक्यात एक बारीक फट. १९८६ मध्ये अमेरिकेत यागर आणि हॉय यांनी दाखवून दिलं तोवर लोक याला बहिराच समजत होते. आपल्याला ऐकू येत नाहीत असे वटवाघळाचे आवाज त्याला ऐकू येतात, रात्री उडताना ते ऐकले की हा हवेतच गिरकी घेऊन खाली सुटतो. काही प्रकारांत कान नाहीच, काहींत नराला आहे पण आखूड पंखांच्या मादीचा अर्धवट. ज्याला उडायचंच नाही त्याला वटवाघळाची भीती कसली.

प्रश्न (सांगली): एकाच तुळशीवर एक हिरवा आणि एक तपकिरी सापडला. दोन वेगळ्या प्रजाती का?

रंगावर जाऊच नका! एकाच प्रजातीत हिरवे, पिवळट, तपकिरी असे सगळे निघतात, कात टाकताना ओलावा, ऊन वगैरेप्रमाणे रंग बदलूही शकतो. रंगाचा उपयोग लपायला. इटलीत १९०४ साली चेस्नोला नावाच्या माणसाने हिरवे आणि तपकिरी किडे रेशमी दोऱ्याने गवताला बांधून ठेवले. हिरव्या गवतात हिरवे आणि सुक्या गवतात तपकिरी सगळे वाचले, सुक्या गवतातले पंचवीसच्या पंचवीस हिरवे अकरा दिवसांत संपले.

ओळखायचं असेल तर मला वरून काढलेला सुंदर फोटो नको. पुढच्या पायांची आतली बाजू दाखवा, तिथेच खरी माहिती असते. दंडाच्या आतल्या बाजूला काळा ठिपका, कधी त्यात पांढरा डोळा, असेल तर मँटिस रेलिजिओसा. दणकट हिरवा किडा आणि पुढच्या पंखावर दोन्हीकडे एकेक पांढरट ठिपका असेल तर बहुतेक हायरोड्युला, आपल्या बागांतला मोठा हिरवा तो हाच. शिवाय पोटाखालचा एक फोटो, खालून सहा पट्टे दिसले तर मादी, आठ दिसले तर नर.

प्रश्न (नाशिक, बीएस्सीचा विद्यार्थी): भारतात किती प्रकार आहेत? वर्गीकरण प्रत्येक पुस्तकात वेगळं का सापडतं? परीक्षेत काय लिहू?

परीक्षेत सरांनी सांगितलंय ते लिही बाबा, मार्क महत्त्वाचे. खरं ऐकायचं असेल तर पुढे वाच. आधी शब्दांचं बघू, कारण मराठी पुस्तकांत जाती-प्रजातीचा नुसता गोंधळ असतो, मी इथे स्पीशीजला प्रजाती, फॅमिलीला कुळ आणि ऑर्डरला गण म्हणतोय. गण मँटोडिया, जगात चोवीसशेच्या वर प्रजाती, भारतात पावणेदोनशेच्या वर.

गोंधळाचं मूळ एका कुळात आहे. जुन्या पुस्तकांत मँटिडी हे कुळ म्हणजे घरातला माळा होता, कुठे ठेवायचं कळलं नाही की टाक तिकडे. आणि ज्यांची वेगळी कुळं केली होती ती बरीचशी दिसण्यावरून, म्हणजे खोडावर चपटा बसतो ना, मग सगळे खोडवाले एका घरात. आता आपल्याकडचा हंबर्टिएला घे. आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या खोडावर नीट बघ, सालीचा एक तुकडा सरसर पळतो, हा दबा धरून बसण्यापेक्षा पळण्यात पटाईत, तुम्ही डावीकडून गेलात की खोडाच्या उजवीकडे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात लिटर्गुसा नावाचा किडा हुबेहूब असाच, चपटा, सालीच्या रंगाचा, तसाच पळणारा. दोघांना एका कुळात घातलेलं होतं. स्वेन्सन आणि व्हाइटिंग या संशोधकांनी डीएनए तपासला तर यांचा जवळचा संबंधच नाही! खोडावर राहायचं म्हटल्यावर चपटं व्हावंच लागतं, ते या खंडातही झालं आणि त्या खंडातही झालं. काडीसारखे, गवतासारखे, वाळक्या पानासारखे, सगळ्यांची हीच तऱ्हा, तोच वेष पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या घराण्यांनी शिवलाय. मग २०१९ मध्ये श्वार्त्झ आणि रॉय यांनी नराचे जननअवयव, बाकीची ठेवण आणि डीएनए असं सगळं जुळवून नवी मांडणी केली, एकोणतीस कुळं. माळा बराच आवरला गेला. तुझं पुस्तक त्याआधीचं असेल तर ते चुकलंय असं नाही, जुनं झालंय.

आता तुझ्या आसपास शोधण्यासारखे सांगतो. माळरानावर उंच गवतात स्किझोसेफाला, नुसती हिरवी काडी, पुढे दोन टोकदार डोळे, हलला नाही तर दिसतच नाही. झुडपांच्या फुलांवर क्रिओब्रोटर, अंगठ्याएवढा, पंखावर पिवळट डोळा काढल्यासारखा, सतावलं की पंख पसरून तो डोळा दाखवतो. आणि नशीब असेल तर गाँजायलस, व्हायोलिन मँटिस म्हणतात तो, जास्त करून दक्षिणेकडे. लांब दांड्यासारखी मान, तिच्या टोकाला ढालीसारखा पसरट भाग, पायांना पानांसारखे पदर, आणि वाऱ्यात वाळकं पान डुलावं तसा डुलतो. नराच्या मिशा कंगव्यासारख्या, मादीचा वास पकडायला. एकदा दिसला ना, की बाकीचे साधे वाटायला लागतात.

(इन्स्टावरचा गुलाबी-पांढरा ऑर्किड मँटिस आपल्याकडे मिळेल का, असं चौघांनी विचारलंय. महाराष्ट्रात नाही, तो मुख्यत्वे आग्नेय आशियातला. ऑनलाइन मागवायच्या फंदात पडू नका.)

प्रश्न (कोल्हापूर): सोबतचा फोटो बघा. पुढून प्रार्थनाकीटक, मागून गांधीलमाशी. दोघांची संकर जात आहे का? आणि चावला तर विषारी का?

संकर नाही, तिसराच आहे. याला मँटिसफ्लाय म्हणतात, प्रार्थनाकीटकाशी काहीही नातं नाही. वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे करून मुंग्या पकडणारी अळी लहानपणी उकरून काढली असेल ना, तिच्या भाऊबंदांपैकी. पंख बघा, काचेसारखे आणि जाळीदार. याच्या बऱ्याच प्रकारांची अळी कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीत शिरून आतली अंडी फस्त करते, नंतर कोष, मग हा किडा. प्रार्थनाकीटकाला कोष वगैरे नसतो, अंड्यातून निघतो तोच छोटा प्रार्थनाकीटक म्हणून. पकडायचे पाय दोघांना वेगवेगळे सुचले आणि एकसारखे झाले, वर नाशिकच्या पोराला सांगितलं तेच.

विषारी दोघंही नाहीत. मोठी हायरोड्युला मादी बोटाला काट्यांनी आवळते, कचकन लागतं, एवढंच.

प्रश्न (पुणे): मादी नराला खातेच का? घरात यावरून फार जोक होतात.

खातेच असं नाही. काचेच्या डब्यात, उपाशी ठेवलेल्या मादीपुढे नर सोडला तर जास्त वेळा खाते, बाहेर त्याला पळायला जागा असते आणि तो येतोही मागून, हळूहळू, एकेक पाऊल टाकत. पण खाल्लं तर वायाही जात नाही. चिनी मँटिसवर २०१६ मध्ये प्रयोग झाला, नराच्या अंगातली द्रव्यं खुणेने ओळखता येतील अशी केली, ती पुढे मादीच्या अंड्यांत सापडली आणि ज्यांनी नवरा खाल्ला त्यांनी अंडीही जास्त घातली. डोकं गेलं तरी नराचं काम चालू राहतं, कारण तो कारभार पोटातल्या मज्जातंतूंच्या गाठी बघतात. आणि घरातल्या जोकवर एक तोडीचा जोक देतो, अमेरिकेत ब्रुनेरिया बोरिॲलिस नावाची प्रजाती आहे, तिच्यात नरच नाहीत. फक्त माद्या, अंडी, पुन्हा माद्या.

प्रश्न (बेळगाव): गच्चीवर कमळाच्या टबात डासांसाठी गप्पी मासे सोडलेत. रोज एक कमी होतो आणि पानावर हा बसलेला असतो. उगाच संशय घेतोय का?

संशय बरोबर आहे! तुमच्याच राज्यात, कर्नाटकात, गच्चीवरच्या बागेतल्या तळ्यात हायरोड्युलाचा एक नर पाच दिवसांत नऊ गप्पी खाताना नोंदवला गेलाय, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाण्यावरच्या पानांवर बसून अंधार पडल्यावर मासे उचलायचा. त्याला उचलून चार कुंड्या पलीकडे ठेवा, पुन्हा आला तर मात्र तुमचं नशीब.

प्रश्न (सावंतवाडी): बादलीच्या पाण्यात एक प्रार्थनाकीटक पडला होता, त्याच्या पोटातून वीतभर काळा दोरा वळवळत बाहेर आला. आई घाबरली, पाणी ओतून टाकलं. काय होतं ते?

तो पडला नव्हता, त्याला पाण्यापाशी आणलं होतं. हा केसासारखा कृमी, हॉर्सहेअर वर्म. लहानपणी पाण्यातल्या किड्यांच्या अळ्यांत राहतो, ते किडे मोठे होऊन उडतात, प्रार्थनाकीटक त्यांना खातो आणि कृमी याच्या पोटात वाढत राहतो. प्रजननासाठी पुन्हा पाणी लागतं, मग हा यजमानाच्या डोक्यात असं काहीतरी करतो की तो आपणहून पाण्याकडे जातो आणि उडी घेतो. जपानमधल्या संशोधकांना २०२३ मध्ये या कृमीत चौदाशेहून जास्त जनुकं अशी सापडली जी प्रार्थनाकीटकाच्या जनुकांशी जुळतात, म्हणजे चावी मालकाच्याच खिशातून उचललेली दिसते. आईला सांगा, माणसाच्या अंगात तो राहत नाही.

प्रश्न (ठाणे): खिडकीच्या जाळीला थर्माकोलचा वाळलेला फेस चिकटल्यासारखं काहीतरी आहे. खरवडून काढू का?

थांबा! तीच ती अंड्यांची पेटी. मादी फेस काढत काढत त्यात अंडी घालते, वाळून कडक होतो. आत शंभर-दोनशेही असू शकतात. कधी पेटीला टाचणीने टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं पडतात आणि पिल्लांऐवजी इवल्या चकाकत्या गांधीलमाश्या बाहेर येतात, त्या आतली अंडी खाऊन वाढलेल्या असतात, तसं झालं तर हळहळू नका. नीट फुटली तर पिल्लं धाग्यांना लोंबकळत बाहेर पडतात, कात टाकतात आणि तासाभरात जाळीभर पसरतात, काही प्रकारांची तर थेट काळ्या मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून मुंग्यांचा स्प्रे मारू नका. त्या दिवशी खिडकी उघडी ठेवा, पंखा बंद ठेवा, आणि जवळ जवळ राहू देऊ नका त्यांना, एकमेकांनाच खायला लागतात.