पोलोसाठी 72,000 चे कॉइलओव्हर हप्त्यावर घ्यावेत का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2015 ची पोलो, 90,000 किमीच्या पुढे गेलेली. रोज चिंचवड ते चाकण जाणं-येणं, शनिवार-रविवारी ताम्हिणी. शॉकअप गेलेत, पुढून डावीकडे खडखड येते. गॅरेजवाल्याने मूळ पद्धतीचे शॉकअप, माउंटिंग, लिंक रॉड (सस्पेन्शनची जोडदांडी), लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) आणि अलाइनमेंट मिळून 23,800 सांगितले. तुमच्या मनात मात्र 72,000 चा कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा, स्वस्तातला सेट आहे, क्रेडिट कार्डावर 12 हप्त्यांत. पगार हातात 64,000, घरखर्च 44,000, एसआयपी 8,000, अडीअडचणीसाठी 70,000 बाजूला.

माझं उत्तर: दुरुस्ती याच आठवड्यात करा, कॉइलओव्हर या वर्षी नको.

तुम्ही दोन वेगळे खर्च एकत्र केले आहेत. गेलेले शॉकअप बदलणं ही गरज आहे. खराब रस्त्यावर टायर जमिनीला धरून राहत नाही, जोरात ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला अंतर जास्त लागतं. त्यात चालढकल नको. कॉइलओव्हर हा छंद आहे, आणि छंदावर पैसे घालवणं मला अजिबात गैर वाटत नाही. घाटात गाडी चालवण्याची तुमची हौस पत्रातून दिसते. पण ‘नाहीतरी 24 हजार जाणारच आहेत, मग 48 घालून चांगलंच घेऊ’ हे तुमचं गणित चुकतंय.

कारण त्या सेटमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप येतात. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश येत नाहीत, आणि पुष्कळ सेटमध्ये वरचं माउंटिंगही जुनंच वापरावं लागतं. तुमची खडखड नेमकी यातल्याच कशाची असण्याची शक्यता मोठी आहे. गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि लिंक रॉड हाताने हलवून बघा. टोकाचा बॉल जॉइंट ढिला झाला असेल तर हाताला लगेच कळतं. म्हणजे 72,000 देऊनही या वस्तूंचा खर्च सुटत नाही.

आता हप्त्याचा हिशोब. 72,000 वर 16 टक्क्यांनी 12 महिने, म्हणजे महिना सुमारे 6,530. व्याज जवळपास 6,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,150. बसवण्याचे आणि अलाइनमेंटचे 5,000 धरा. एकूण साडेचौऱ्याऐंशी हजारांच्या घरात, बुश वगैरे वेगळे. त्याहून जास्त काळजी मला 70,000 ची वाटते. ही राखीव रक्कम जेमतेम दीड महिन्याच्या घरखर्चाइतकी आहे. तुमच्याकडे महिन्याला 12,000 उरतात, त्यातले निम्म्याहून जास्त वर्षभर अडकले तर ही रक्कम वाढणार कधी?

वस्तूबद्दलही स्पष्ट बोलतो. चांगले कॉइलओव्हर महाग असतात ते आतल्या व्हॉल्व्हमुळे आणि सीलमुळे. स्वस्त सेटमध्ये उंची कमी-जास्त करता येते, स्प्रिंग कडक असते, पण तिची उसळी आवरणारी शॉकअपची ताकद (डॅम्पिंग) बहुधा तेवढ्या तोडीची नसते. तळेगाव-चाकण रस्त्यावर हे रोज पाठीला जाणवेल. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स मुळात 165 मिमीच्या आसपास. 35 मिमी खाली बसवली तर 130 उरतो, चार माणसं बसली की आणखी कमी. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधकसुद्धा 100 मिमी उंच असतो, आणि आपल्याकडचे किती नियमाने बांधलेले असतात ते तुम्ही रोज बघताच. त्यात शॉकअपचा प्रवास कमी झाल्याने खड्ड्यात तो बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी आधारावर, आदळतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बिघडला तर टायर आतल्या बाजूने झिजतात. पावसाळ्यात आट्यांमध्ये चिखल बसला की उंची बदलणारी रिंगही हलत नाही. एका बाजूचं सील गळलं तर ते भरून देणारा माणूस सापडणं कठीण, आणि सुटा भाग मागवायचा तर गाडी तोवर उभी. ती तुमची एकमेव गाडी आहे, हे विसरू नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सुद्धा लक्षात घ्या. नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असे फेरफार त्यात चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. नियमबाह्य फेरफाराला कलम 182अ खाली प्रत्येकी 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला बदल लेखी कळवला नाही, तर अपघातानंतर दाव्यात खुसपट काढायला तिला आयतं कारण मिळतं.

मी असं करेन. दुरुस्तीचे पैसे आत्ता राखीव रकमेतून द्या. पुढच्या दोन महिन्यांच्या शिलकेतून, म्हणजे 24,000 मधून, ते परत भरा. एसआयपीला हात लावू नका. त्यानंतर दरमहा 8,000 राखीव रकमेत आणि 4,000 गाडीच्या वेगळ्या आरडीत. दहा महिन्यांत राखीव रक्कम दीड लाख होईल आणि गाडीचे 40,000 साठतील. मग तीन महिने पूर्ण 12,000 गाडीकडे वळवा: 76,000 रोख, व्याज शून्य.

तेव्हाही मी स्वस्त सेटपेक्षा बिल्स्टाइन किंवा कोनीसारख्या नावाजलेल्या कंपनीचे, मूळ उंचीवर चालणारे शॉकअप बघेन. घाटात गाडी नीट धरून ठेवण्यासाठी ती खाली बसवावीच लागते असं नाही. दरम्यान दुरुस्तीनंतर एकदा ताम्हिणीला जाऊन या. नव्या शॉकअप आणि बुशवर ही गाडी कशी चालते, ते तुम्ही बरेच दिवस अनुभवलेलं नाही. तिथून आल्यावरही कॉइलओव्हर हवेच वाटले तर कोटेशनसह पुन्हा लिहा, बघू.