वाचणारे पन्नासच असतील तर लिहीत राहावं का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं दर आठवड्याला आपल्या तालुक्यावर एक लेख लिहिता. वाचणारे पन्नास-साठ, त्यातले बरेच नात्यातले. नोकरी सांभाळून उरलेला रविवार यात जातो आणि घरचे विचारतात, यातून मिळतं काय? शेवटचा लेख आठवडी बाजारातल्या जुन्या मापांवर होता. तीन जणांनी ‘छान’ म्हटलं आणि विषय संपला. आता थांबावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

थांबू नका. पन्नासांचे पाचशे होतील असं मात्र मी सांगणार नाही. माझे झाले नाहीत.

मी नागपूरची. टपाल खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच सॉर्टिंगला. पिन पाहायचा आणि पत्र कप्प्यात टाकायचं. ४४० म्हणजे शहर, ४४१ म्हणजे नागपूरची खेडी आणि भंडारा, ४४२ वर्धा-चंद्रपूर, ४४४ अमरावती-अकोला. २०११ साली निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षापासून इथल्या एका लहान पाक्षिकात शहरातल्या जुन्या धंद्यांवर, जागांवर लिहायला लागले. अंकाच्या जेमतेम चारशे प्रती निघतात. मानधन नाही.

पहिली दोन वर्षं तुमच्यासारखीच गेली. झिरो माइलचा १९०७ सालचा खांब आणि तिथले चार दगडी घोडे. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलेलं शहर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारे मारबतींचे पुतळे, काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. सगळं तपासून लिहिलेलं होतं. ओळखीचे लोक भेटले की म्हणत, "वाचला हो तुमचा लेख, मस्त होता." मी विचारायची, "त्यातलं काय आवडलं?" तर समोरचा गोंधळून जायचा. त्याचा काय दोष? त्याला आधीच ठाऊक असलेलं मी नीट मांडून त्यालाच परत दिलं होतं. त्यात त्यानं भर घालावी अशी जागाच नव्हती.

मग विणकरांवरचा लेख आला. गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली या भागांत एके काळी घरोघरी हातमाग होते. मी चार घरं फिरले, म्हाताऱ्या विणकरांशी बोलले आणि लेख दिला. अंक निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. वयस्क बाईचा आवाज.

"ताई, मागावर तुमीच लिवलं ना?"

"हो."

"मानसाइचंच लिवलं. कांड्या कोन भरते?"

मी गप्प झाले. कांडी म्हणजे काय हे मला धड सांगता आलं नसतं. त्या म्हणाल्या, "या घरी. दाखवतो." पुढच्या मंगळवारी मी तांडापेठेत त्यांच्या घरी गेले.

घरात माग उरला नव्हता. जमिनीतला खड्डा होता, त्यावर फळी टाकून धान्याचे डबे ठेवले होते. त्यांनी डबे बाजूला सारले, फळी उचलली आणि मला काठावर बसवून पाय खाली सोडायला लावले. पायाखाली पावड्या असायच्या, एक दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे, निम्मे धागे वर उचलले जायचे, मधून धोटा जायचा, मग फणी ओढून ठोकायची आणि दुसरी पावडी. इतकं मी लिहिलं होतं. पण धोट्याच्या पोटात एक बारीक नळी असते, तिच्यावर बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत गुंडाळलेलं असतं, तीच कांडी. माग चालू असेपर्यंत कांड्या संपत राहतात आणि कोणीतरी बाजूला रहाटाशी बसून पुढच्या भरत राहावं लागतं. ते काम बायकांचं आणि पोरांचं. ताण्याला खळ लावायची तीही सगळ्यांनी मिळून. पहाटे गल्लीत लांबच्या लांब ताणा पसरायचा, खळ चढवायची, धागा धाग्याला चिकटू नये म्हणून कुंचा फिरवत राहायचं. आभाळ आलं की अख्खं घर धावायचं.

"एक मानूस मागावर बसला का दोन जन त्याच्यामागं राबून राहते," त्या म्हणाल्या. "अन् मजुरी एकाचीच."

माझ्या लेखातून निम्मा धंदाच गळला होता. मी त्यांना तसं सांगितलं आणि पुढच्या अंकात सगळं नव्यानं लिहिलं. पहिल्याच वाक्यात म्हटलं की मागचा लेख अपुरा होता, तांडापेठेतल्या एका वाचक बाईंनी तो पुरा केला. नाव नको म्हणाल्या, म्हणून दिलं नाही. त्यानंतर मागावरचं काहीही छापायला देण्याआधी मी त्यांना फोनवर वाचून दाखवते. आता त्यांना ऐकू कमी येतं, नात फोन धरते आणि मोठ्यानं सांगते.

त्या दुसऱ्या लेखावर ४४१ पिनचं एक पोस्टकार्ड आलं, मोहाडीकडचं. लिहिणाऱ्यानं विचारलं होतं की करवतकाठी साडीचा तुम्ही एका ओळीत उल्लेख केलात, पण काठाला करवतीचे दात पडतात कसे, हे माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. मी तसं उत्तर लिहिलं. मग त्यांचं चार पानी पत्र आलं, आकृती काढून. अंग टसरचं, काठ सुती, आणि विणताना एकाऐवजी तीन धोटे. मधला अंगाचा, बाजूचे दोन काठांचे. जिथे अंगाचं सूत आणि काठाचं सूत एकमेकांत अडकून मागे फिरतं, तिथे तो दात पडतो. ते पत्र वाचताना मी खिडकीशी उभी होते आणि आईची जुनी साडी काढून उजेडात धरून बघितली. चाळीस वर्षं घरात होती ती साडी. मी तिचा काठ पहिल्यांदा त्या दिवशी पाहिला.

घरच्यांनी विचारलं मिळतं काय, तर मी हे सांगते. दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नाही.

सगळी पत्रं अशी गोड नसतात. नाग नदीवर लिहिलं तेव्हा मी ‘पूर्वी नदी होती, आता नाला झालाय’ असं वाक्य टाकलं होतं. काठावरच्या वस्तीत राहणाऱ्या एका गृहस्थांचं फुलस्केप कागदावर पत्र आलं, रागानं लिहिलेलं. तुमच्यासाठी ती आठवण असेल, आमच्या ती परसदारी आहे. आणि नदीला एकदा नाला म्हटलं की तिच्यात काहीही टाकायला आणि तिच्या अंगावर बांधायला कुणाला काही वाटत नाही. हे दुसरं म्हणणं मला इतकं पटलं की तेव्हापासून मी नदीच लिहिते. पण काठावरची घरं हलवावीत की नाही यावर आमचं जमलं नाही. पाच पत्रं त्यांची, पाच माझी. ते मला म्हणायचे, तुम्ही नकाशा बघून बोलता. मी म्हणायची, तुम्ही पावसाळा विसरून बोलता.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जो पाऊस झाला तो इथल्या कुणाला विसरता येणार नाही. अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझं घर त्याच पट्ट्यात, तळमजल्यावर. गुडघ्याच्या वर पाणी होतं. पलंगाखाली ट्रंक, ट्रंकेत वाचकांची सगळी पत्रं. सकाळी नऊच्या सुमारास पहिला फोन आला तो याच गृहस्थांचा. "पाणी कुठवर आलं?" त्यांच्या घरात माझ्याआधी शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मुलाला घेऊन आले, फावडं घेऊन. आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच बघत होतो. दुपारपर्यंत तिघांनी मिळून चिखल काढला. चहा होईस्तोवर वादाचं नावही निघालं नाही. चहा झाल्यावर निघालं, आणि तासभर चाललं.

पत्रं आम्ही गच्चीत दोरीवर वाळत घातली. बॉलपेननं लिहिलेली बहुतेक वाचता येत होती. शाईची गेली. निळे डाग उरले, कुठे एखादं ‘सप्रेम नमस्कार’.

पुढच्या अंकात मी एवढंच लिहिलं की शाईची पत्रं गेली, पाठवणाऱ्यांची माफी मागते. दोन महिन्यांत सतरा जणांनी आपलं पत्र पुन्हा लिहून पाठवलं. कुणाकडे कच्चा खर्डा होता, कुणी आठवून लिहिलं. एकानं खाली टीप दिली होती: ‘पहिल्या पत्रात तुमच्यावर जरा जास्तच टीका केली होती. आता पुन्हा विचार केला तर निम्मी राहिली आहे, ती लिहितो.’ चारशे प्रतींच्या अंकाला सतरा माणसं बसून पुन्हा पत्र लिहितात. तुमच्या पन्नासांकडे या नजरेनं बघा.

आता तुम्ही काय करावं, ते माझ्या सवयींवरून सांगते. लेखात एक तरी गोष्ट अशी ठेवा जी तुम्हाला खरंच कळलेली नाही, आणि तसं उघड म्हणा. ‘आपलं मत कळवा’ असं लिहू नका, त्यावर कुणी काही कळवत नाही. ‘तुमच्या घरी या भांड्याला काय म्हणत?’ असं विचारा. ज्याला माहीत आहे त्याला मग राहवत नाही. आठ दिवसांच्या आत उत्तर द्या, दोन ओळींचं का होईना. मी पोस्टकार्ड टाकते, पन्नास पैसे लागतात. चूक दाखवली तर पुढच्या लेखात ती वरच सांगा, शेवटी कोपऱ्यात नको. आणि एक वही ठेवा: कुणी काय विचारलं, तुम्ही काय कळवलं, काय राहून गेलं. माझा लेख दोन संध्याकाळी होतो, पत्रांना तीन लागतात. ते तीन दिवस आधी धरूनच बसा.

फक्त भांडायला येणारेही असतात. एक गृहस्थ वर्षभर माझ्या आडनावावरून लिहीत राहिले. अशांना मी दोन उत्तरं देते, तिसरं देत नाही. त्याचा त्रास झाला नाही असं म्हणणार नाही, बरेच दिवस टपाल उघडायला नको वाटायचं.

वाचकाला उत्तर देणं हे लेखनाच्या खालचं, फावल्या वेळचं काम आहे असं समजणारे मला भेटलेत. त्यांना मी र. धों. कर्व्यांचं उदाहरण देते. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत जवळजवळ एकट्यानं चालवलं. लैंगिक प्रश्नांवर वाचक लिहून विचारत आणि ते छापून सरळ उत्तर देत. १९३४ साली खटला झाला तो अशाच उत्तरांवरून. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला कर्वे हरले, दंड झाला, आणि मासिक त्यानंतरही चालू राहिलं. ज्या वाचकाला दुसरीकडे कुठे विचारायची सोय नव्हती, त्याच्या प्रश्नासाठी त्यांनी हे सोसलं. आपल्याला तर पन्नास पैशांचं कार्ड टाकायचं असतं.

तुमच्या मापांच्या लेखाकडे परत येते. तुम्ही लिहिता की मेट्रिक मापांचा १९५६ चा कायदा आला, किलो आले, तरी तुमच्या बाजारात धान्य मोजायची पायली बरीच वर्षं टिकली. माझ्या आईचं माहेर काटोलकडचं. धान्याचं दुसरं माप कुडव, पण तिच्या तोंडी कुडव नव्हता, ‘कुडो’ होता. ती सांगायची की धान्य विकताना माप हातानं सपाट करत आणि काही ठिकाणी वर शीग ठेवून, शिगोशीग भरून देत. कुठे कसं, ते मी तिला विचारलंच नाही, आणि आता ती नाही. तुमच्याकडे कुडो किती पायल्यांचा होता? आणि मजुराला धान्यात मजुरी मोजताना माप शिगोशीग असे, की सपाट? माप भरणारा एखादा म्हातारा माणूस अजून बाजारात बसत असेल, तर येत्या बाजारी त्याच्याशी बोला आणि मला कळवा.