खेड्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायका मुख्यतः बाळंतपणातच दगावतात का?

नाही. हा समज आमच्या इंदूरच्या मराठी घरांतही घट्ट बसलाय. या वयातले बहुतेक मृत्यू इतर कारणांनी होतात: क्षय, हृदयविकार, कर्करोग, भाजणं, साप चावणं. आणि आत्महत्या. तरुण मुलींमध्ये तर ती अगदी वरच्या कारणांपैकी आहे. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ एवढ्यावर कुणी थांबलं की मला पुढचं विचारल्याशिवाय राहवत नाही.

तरी बाळंतपणातला मृत्यू जास्त सलतो, कारण तो बहुतेक वेळा टाळता येतो. २०१८-२० मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता गेल्या, मध्य प्रदेशात १७३. सगळ्यात घातक असतो प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. धडधाकट बाई अर्धा लिटर रक्त गेलं तरी सावरते. हिमोग्लोबिन सहावर आलेली तेवढ्यानंही कोलमडते. मोठा रक्तस्राव दोन-तीन तासांत जीव घेऊ शकतो, आणि झाबुआ-बडवानीकडच्या पाड्यावरून इंदूर गाठायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

माझी मावशी त्या भागात नर्स होती. गरोदर बाई दिसली की आधी तिची खालची पापणी ओढून बघायची. आतून पांढरीफटक दिसली तर रक्त तपासायला लावायची, लोहाच्या गोळ्या समोर बसून गिळायला लावायची आणि घरच्यांना बजावायची, “हिचं बाळंतपण घरी नाही करायचं. रक्त चढवायची सोय असेल तिथेच न्या, तेही कळा सुरू व्हायच्या आधी.”