ताटात डोकं कुणाचं?

प्रश्न : 'हेड ऑन अ प्लॅटर' म्हणजे नेमकं काय? मराठीत काय लिहावं? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : चुकीसाठी ठरावीक माणसालाच कठोर शिक्षा व्हावी, बहुधा नोकरी किंवा पद जावं, अशी संतप्त मागणी. याचं मूळ बायबलच्या नव्या करारात, मत्तय (अध्याय १४) आणि मार्क (अध्याय ६) यांच्या शुभवर्तमानांत आहे. राजा हेरोद अंतिपाने भावाच्या बायकोशी, हेरोदियाशी, लग्न केलं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने ते चूक म्हटलं, म्हणून तो तुरुंगात गेला. राजाच्या वाढदिवशी हेरोदियाची मुलगी नाचली. राजाने मागेल ते देण्याची शपथ घेतली, तेव्हा आईच्या सांगण्यावरून तिने योहानाचं शिर तबकात मागितलं. शुभवर्तमानात मुलीचं नाव नाही. 'सलोमी' हे नाव इतिहासकार जोसिफसकडून आलं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये 'चार्जर' हा शब्द आहे. तिथे 'चार्जर' म्हटल्या जाणाऱ्या लढाऊ घोड्याशी किंवा मोबाइलशी संबंध नाही, अर्थ मोठं पसरट ताट.

वापरताना षष्ठी हवी : 'द ग्रोअर्स वॉन्ट द मॅनेजर्स हेड ऑन अ प्लॅटर'. केळीच्या गाड्या रखडल्या आणि रावेरचे बागायतदार व्यवस्थापकाच्या हकालपट्टीवर अडून बसले, तर हे वाक्य चपखल. मराठीत 'ताटात डोकं हवंय' लिहू नका, वाचक अडखळतो. 'त्यांना व्यवस्थापकाचाच बळी हवा आहे' लिहा. त्यातला 'च' गाळला तर सगळा जोर जातो.

सर्वांत जास्त घोटाळा 'ऑन अ सिल्व्हर प्लॅटर'शी होतो. 'डोकं' नसेल, तर त्याचा अर्थ कष्टाविना आयतं हाती पडणं.