कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून मानसशास्त्र घेतलं तर पुढे विद्यापीठात जाता येतं का?

येतं की. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, उरलेली दोन विद्यापीठात, हा तिथला चांगला रुळलेला रस्ता आहे. राज्याच्या रहिवाशांना फी युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर, म्हणजे दोन वर्षांच्या ६० युनिटांचे २,७६० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ शुल्क वेगळं. (व्हिसावर असाल तर रहिवासी दर लागू होतो का ते आधी विचारा, नाहीतर आकडा कितीतरी पट वाढतो.)

मानसशास्त्रातली ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर’ (पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची दोन वर्षांची पदवी) हीच घ्या. ती असली की कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) जागा नक्की, फक्त कॅम्पस मनासारखा मिळेलच असं नाही. यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे) सहा कॅम्पसही अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची आगाऊ हमी देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. कुठला विषय कुठे धरला जातो ते ‘असिस्ट’च्या संकेतस्थळावर तपासूनच नाव नोंदवा.

खरी गाळणी मात्र स्टॅटिस्टिक्सची. माणसांची मनं वाचायला आलेली मंडळी स्टँडर्ड डेव्हिएशन बघून गार पडतात! आइसक्रीमचा खप आणि बुडून होणारे मृत्यू एकदमच वाढतात, पण दोन्हींच्या मागे उन्हाळा असतो, हे आकड्यांतून ओळखायला तिथेच शिकतात. रिसर्च मेथड्सला बहुतेक ठिकाणी हा विषय आधी लागतो, म्हणून लवकर उरकून टाका.

आणि हो, दोन वर्षांच्या पदवीवर थेरपिस्ट होता येत नाही. त्या परवान्याला मास्टर्स लागतं, सायकॉलॉजिस्टच्या परवान्याला डॉक्टरेट.