धावून आलेली कंपनी कोणाच्या बाजूची?

प्रश्न : वडिलांनी घेतलेले एका टॉवेल कंपनीचे शेअर माझ्याकडे आहेत. बाहेरच्या एका ग्रुपने बाजारातून शेअर गोळा करून ओपन ऑफर, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा प्रस्ताव, जाहीर केली. आता मालकांच्या ओळखीची कंपनी ‘व्हाइट नाइट’ म्हणून, म्हणजे त्यांना वाचवायला, उतरणार, असं ब्रोकर म्हणतो. मालक वाचले म्हणजे आम्हीही वाचलो ना? की पहिल्याच दिवशी शेअर देऊन मोकळा होऊ?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : काका, घाई करू नका. आणि मालक वाचले म्हणजे तुम्ही वाचलात, असंही धरून चालू नका.

ओबेरॉय हॉटेलांच्या ईआयएच कंपनीचं बघा. आयटीसीने तिथे १५ टक्क्यांच्या उंबरठ्यापर्यंत शेअर जमवले होते. तेव्हाच्या नियमाने १५ टक्के गाठले की ओपन ऑफर द्यावी लागे. ओबेरॉयांच्या मदतीला आली रिलायन्स. ऑगस्ट २०१० मध्ये तिने ओबेरॉयांकडून १४.१२ टक्के हिस्सा १,०२१ कोटींना घेतला, म्हणजे शेअरला साधारण १८४ रुपये. हाही १५ च्या आत, म्हणून ओपन ऑफर नाही. तो भाव ओबेरॉयांना मिळाला, किरकोळ भागधारकाला नाही. पुढे रिलायन्सने हिस्सा १८ टक्क्यांच्या वर नेला. मदतीला आलेला पाहुणा घरातच राहिला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तुमच्याकडे ऑफर आधीच आली आहे, ही जमेची बाजू. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०११ च्या नियमांत ही मर्यादा २५ टक्के झाली आणि ऑफर किमान २६ टक्क्यांसाठी द्यावी लागते. पहिल्या ऑफरचं सविस्तर निवेदन छापून आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत दुसरा प्रतिऑफर देऊ शकतो. मग भाव चढतो. ग्रेट ऑफशोअर ही कंपनी घेण्यासाठी २००९ मध्ये दोन शिपयार्ड भिडली, तेव्हा भारती शिपयार्डची ऑफर ३४४ वरून ५९० रुपयांवर गेली. मात्र एकदा दिलेले शेअर परत मागता येत नाहीत, म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांपर्यंत थांबा.

नवी पेठेतल्या माझ्या ऑफिसात लोक ऑफरचं जाडजूड पुस्तक आणतात आणि फक्त पहिल्या पानावरचा भाव दाखवतात. घेणाऱ्याचा पुढचा बेत काय, पैसा कुठून आणणार, हे आतल्या पानांत असतं. ते वाचा. स्वतंत्र संचालकांच्या समितीचं मत पेपरात येतं, तेही कापून ठेवा.

शेअर अजून वडिलांच्याच नावावर असतील, तर ट्रान्समिशनचा, म्हणजे वारसाच्या नावावर शेअर करून घेण्याचा, अर्ज याच आठवड्यात द्या. त्याला वेळ लागतो, आणि ऑफर फक्त दहा कामकाजाचे दिवस खुली असते.