सहीचं सोडा, तारीख बघा

प्रश्न : खुब्याच्या ऑपरेशनआधी सिस्टरने आईच्या हातातल्या पाटल्या उतरवून घेतल्या. डिस्चार्जच्या वेळी त्या मिळाल्या नाहीत. 'मौल्यवान वस्तूंना रुग्णालय जबाबदार नाही' या फॉर्मवर माझी सही आहे. 22 महिने 'चौकशी चालू आहे' एवढंच ऐकतोय. काय करावं?

उत्तर : तुम्हाला सहीची धास्ती आहे, मला 22 या आकड्याची. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69 : जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तोंडी आश्वासनांनी ही मुदत पुढे सरकत नाही. अशी पत्रं मला सतत येतात आणि बहुतेकांनी रुग्णालयाला साधा एक लेखी अर्जसुद्धा दिलेला नसतो. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण लागतं. 'आम्ही विश्वास ठेवला' एवढ्यावर आयोग ऐकेल, याची खात्री मी देणार नाही.

आता सही. पाटल्या खोलीतल्या कपाटातून गेल्या असत्या, तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो. पण ऑपरेशनसाठी त्या रुग्णालयानेच उतरवून ताब्यात घेतल्या. मग करार कायद्याच्या कलम 151 प्रमाणे, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलने पार्किंगसाठी ताब्यात घेतलेली गाडी चोरीला गेली, तेव्हा पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्वतःच्या निष्काळजीपणातून हॉटेलला असं सुटता येणार नाही. गाडी गेली 1998 मध्ये, निकाल आला 2019 मध्ये. एका गाडीसाठी 21 वर्षं! याचा मला मनापासून संताप येतो. त्यात स्वतःचे 22 महिने कशाला घालायचे?

पाटल्या त्यांच्या ताब्यात गेल्या, हे मात्र तुम्हाला दाखवावं लागेल. सीसीटीव्हीचं चित्रण पहिल्याच आठवड्यात लेखी मागायला हवं होतं, आता ते बहुधा पुसलं गेलं असेल. उरला केस पेपर. ऑपरेशनआधीच्या तपासणी यादीत दागिने, कवळी काढल्याची नोंद सहसा असते. संपूर्ण इनडोअर केस पेपर, म्हणजे आई दाखल असतानाच्या सगळ्या नोंदी, लेखी मागा. अर्ज दिल्यापासून 72 तासांत ते द्यावे लागतात. 'नातेवाइकांकडे दिले' असं लिहिलं असेल, तर खाली सही कोणाची ते पाहा. कोणाचीच नसेल, तर तो कागद तुमच्याच कामाचा.

पोलिसांतही लेखी तक्रार द्या. गुन्हा चोरीचा की विश्वासघाताचा, हे तपासात ठरेल. पण त्या तक्रारीने आयोगाची मुदत थांबत नाही.

आयोगात तक्रार करायला केस पेपरची वाट पाहत बसू नका, ते नंतरही जोडता येतील. रुग्णालयाचं बिल 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्कही नाही. पाटल्यांची पावती नसेल तर आईंचा पाटल्या घातलेला फोटो आणि सोनाराचा वजनाचा दाखला जोडा. आणि दोन वर्षं डिस्चार्जपासून मोजू नका, ऑपरेशनच्या दिवसापासून मोजा.